मालकीचा वाद, जोखमीचा हिशेब

भांडवलशाही, सामाजिक लोकशाही आणि लोकशाही समाजवाद यांचा झगडा मुळात तीन प्रश्नांवर आहे. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत, मालाचा भाव कोणी ठरवावा आणि मंदी आली की तोटा कोणी सोसावा? भांडवलशाही मालकी खासगी ठेवते आणि भाव बाजारावर सोपवते. लोकशाही समाजवादाला मोठे उद्योग, बँका व जमीन मतपेटीच्या मार्गाने समाजाच्या ताब्यात हवी असतात. सामाजिक लोकशाही मालकी आणि बाजार यांना बहुतांशी हात लावत नाही. कर, कायदा, कामगार संघटना आणि सामाजिक सुरक्षा यांनी ती त्यांना वेसण घालते. युरोपात हा वाद एडुआर्ड बर्नस्टाइन यांच्या १८९९ च्या ग्रंथाने पेटला. १९५९ मध्ये बाड गोडेसबर्ग येथे जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने मार्क्सवादी चौकट सोडून बाजाराशी जुळवून घेतले.

मुंबईत हाच वाद कापसाच्या गाठीभोवती लढला गेला. हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये असलेल्या कॉटन ग्रीनला नाव मिळाले ते कुलाब्याहून इकडे हललेल्या कापूस बाजारामुळे. स्थानकासमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत, आजूबाजूला पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरची गोदामे, पश्चिमेला काळाचौकी-लालबागच्या गिरण्या आणि या सगळ्यांना जोडणारी हमालांची पाठ. मोकळा बाजार, सरकारी मालकी आणि कायद्याने बांधलेली मजुरी हे तिन्ही प्रयोग याच मालावर झाले. त्यामुळे तिन्ही पक्षांचे दावे येथे पुराव्यावर घासून पाहता येतात. जोखीम कायद्याने वाटली गेली आणि जोखीम झेलणाऱ्याला निर्णयात आवाज मिळाला, तरच व्यवस्था न्याय देते आणि टिकतेही, असे तो पुरावा सांगतो. नुसती मालकी बदलून किंवा नुसता बाजार मोकळा सोडून हे साधत नाही.

भांडवलशाहीचा दावा

भांडवलशाहीचा पूर्वपक्ष दुबळा नाही. मुंबईतली पहिली कापडगिरणी कंपनी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली, सरकारने नव्हे. व्यापारी पैसा घालतो, धोका पत्करतो आणि त्याबद्दल नफा घेतो. सरकार भावात हात घालते तेव्हा शेतकरी आणि ग्राहक दोघेही नाडले जातात. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी मिनू मसानी पुढे याच निष्कर्षाला आले आणि १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत सामील झाले. महाराष्ट्राच्या शेतावर ही बाजू शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी सर्वांत प्रभावीपणे मांडली. शेतमालाचे भाव सरकार मुद्दाम पाडते आणि शेतकऱ्याची गरिबी त्यातून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या दाव्याला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, कापसाचा बाजार कधीच स्वयंभू नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. वायदेबाजाराला शिस्त लावायला १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन आली. १९२० च्या दशकाच्या आरंभी सरकारी कायदा आणि ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन यांच्या आधाराने व्यवहाराची घडी बसली. रुईची प्रत, वजन आणि तंटे सोडवण्याची रीत ठरल्यावरच अनोळखी माणसांमध्ये सौदे होऊ लागले. ज्या भरणीवर हा बाजार वसला, तीही पोर्ट ट्रस्ट या सार्वजनिक संस्थेने केलेली. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवणारे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’चे एक सहीदार होते. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपयांच्या नियोजित गुंतवणुकीची ती योजना होती आणि तिच्यात राज्यसंस्थेला मोठी भूमिका दिली होती. देशातल्या पहिल्या फळीच्या उद्योगपतींनाच सरकारचा हात हवा होता.

दुसरे उत्तर जोखमीचे. ‘धोका पत्करतो म्हणून नफा’ हे तत्त्व मान्य केले, तरी धोका नेमका कोण पत्करतो? भाव पडण्याची भीती असलेला व्यापारी वायद्याचा सौदा करून तो धोका दुसऱ्याकडे सरकवू शकतो. गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी कामाच्या आशेने उभ्या राहणाऱ्या बदली कामगारासाठी असा कुठलाच वायदा नव्हता. मागणी घटली की मालक बदली कामगारांना परत पाठवून खर्च कमी करी. म्हणजे मंदीचा पहिला धक्का ज्याच्याकडे भांडवलच नाही, त्याच्या चुलीला बसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हाच मुद्दा स्वातंत्र्याच्या भाषेत मांडला. राज्याचे नियंत्रण हटले की माणूस मोकळा होतोच असे नाही. तो खासगी मालकाच्या हुकुमाखाली जातो.

तिसरे उत्तर जमिनीचे. गिरण्या आजारी पडल्या तेव्हा मालकांच्या हाती सूत राहिले नाही, पण जागा राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरणीची जमीन पुनर्विकासाला काढल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि सार्वजनिक हिस्सा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली. परळ-लालबागच्या जागेला किंमत आली ती रेल्वेमुळे, पाणीपुरवठ्यामुळे आणि तिथे राबलेल्या लाखो हातांमुळे. तिचा मोठा वाटा मात्र ज्याने यंत्रे नवी केली नाहीत त्याच्याकडे गेला. हा उद्यमशीलतेचा मोबदला नव्हता. ते जागेचे भाडे होते.

लोकशाही समाजवादाचा दावा

या उत्तरांच्या बळावर लोकशाही समाजवादी म्हणतो की, रोगाचे मूळ मालकीत आहे; मालकीच बदला. १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षापासून ही परंपरा मुंबईत रुजली. तिचे प्रमुख विचारक अशोक मेहता यांनी लोकशाही समाजवादावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि गिरणी कामगारांत संघटना बांधली. आंबेडकरांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याकडे असावी, आणि बहुमताच्या लहरीवर ते अवलंबून राहू नये म्हणून ही तरतूद संविधानातच असावी, असे सुचवले.

सार्वजनिक मालकीचा पुरावा कापसात दोन ठिकाणी मिळतो. पहिला शेताच्या टोकाला. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खासगी व्यापाऱ्याला बाहेर ठेवून सगळा कापूस सरकारी यंत्रणेने हमीभावाने घ्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून विकायचा आणि नफा झाला तर शेतकऱ्याला वाटायचा, अशी तिची रचना होती. व्यापाऱ्याची काटामारी आणि मंदीतली लूट तिने रोखली, हे खरे. पण भाव एका राज्यापुरता बांधता येतो, कापूस बांधता येत नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरवाटांनी सीमेपलीकडे जाई. इथला हमीभाव वरचढ ठरला की बाहेरचा कापूस आत येई. चुकारे रखडत, तोटा फुगत गेला आणि नव्या शतकाच्या आरंभी खासगी व्यापाराला वाट मोकळी करून द्यावी लागली. शरद जोशींच्या टीकेतला हा भाग खोडता येत नाही. मात्र एकाधिकार गेल्यावर शेतकऱ्याला मुक्त भाव मिळाला असेही नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. जगाचा भावही सरकारांनी वाकवलेलाच होता.

दुसरा पुरावा गिरणीच्या टोकाला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतल्या अनेक आजारी गिरण्या आल्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरण्या त्यांतल्याच. नोकऱ्या काही काळ वाचल्या, पण यंत्रे जुनीच राहिली आणि निर्णय दिल्लीतून होत राहिले. २००५ मध्ये याच महामंडळाने दादरची कोहिनूर, परळची ज्युपिटर यांसह पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. मालक सरकारी होता, वागणूक खासगी मालकाची होती. कामगाराला ना पूर्वी विचारले गेले, ना नंतर.

यावर लोकशाही समाजवाद्याचे उत्तर ठरलेले असते: ही नोकरशाहीची मालकी झाली, खरा समाजवाद म्हणजे कामगारांचे नियंत्रण. हा आक्षेप अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये तपासला गेला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हा बंद कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. कामगारांनी तो पुन्हा चालू केला, काही वर्षे चालवूनही दाखवला. पुढे तो पुन्हा अडचणीत आला. कामगार कारखाना चालवू शकत नाहीत, असा याचा अर्थ होत नाही. पण ज्याची नोकरी कारखान्यात आहे त्याची पुंजीही तिथेच गुंतली, तर एका धक्क्यात दोन्ही जातात. मालकी मिळाली, जोखीम मात्र वाटली गेली नाही. स्वीडनमध्ये रुडॉल्फ माइडनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली वेतनधारक-निधीची कल्पना मोठ्या कंपन्यांचे भागभांडवल हळूहळू सामूहिक निधीत आणून हीच अडचण टाळू पाहत होती. ती पातळ होऊन अमलात आली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी गुंडाळली गेली.

सामाजिक लोकशाहीचे मंडन

सामाजिक लोकशाहीला दोन्हीकडून टोमणे बसतात. भांडवलशाहीच्या लेखी ती व्यापाराच्या गळ्यातले लोढणे, समाजवाद्याच्या लेखी मालकाच्या जखमेवरचा मलम. दोघांनाही महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याचे उत्तर द्यावे लागते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी मिळवलेला हा कायदा कापड आणि कापूस बाजारातील चढउतार, थप्पी लावणे, वजन करणे या कामांनाही लागू होतो. आधी हमाल मुकादमाच्या टोळीत असे. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मान मोडली, पाठ गेली, तरी जबाबदार कोणीच नाही. कायद्याने व्यापारी, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. नोंदणी झालेला व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व वैद्यकीय सोयींची तरतूद करते.

या रचनेचे मर्म असे की, हमाल एका व्यापाऱ्याचा नोकर न राहता सगळ्या बाजाराचा होतो. एक पेढी बंद पडली तरी त्याचा निधी बुडत नाही, कारण त्याच्या म्हातारपणाचा खर्च सर्व पेढ्यांनी थोडाथोडा उचललेला असतो. रुईचा भाव व्यापारी ठरवतच राहतो. त्याच्या गल्ल्याला किंवा गोदामाला कोणी हात लावत नाही. मालकीला धक्का न लावता जोखीम वाटली गेली आणि मंडळावर कामगाराचा माणूस बसला. लेव्हीमुळे खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे. पण तो खर्च आधीही होत होता, हमालाच्या कुटुंबाच्या खात्यातून. खोट्या नावनोंदणीच्या आणि दमदाटीच्या तक्रारींवर उपाय कडक तपासणी हा आहे. कायदा मोडीत काढणे हा नव्हे.

दुसरे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांनी पुढे आणलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लागला. मुंबईच्या पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा कर विदर्भ-मराठवाड्याच्या मजुराच्या कामासाठी वापरला गेला. जमिनीची मालकी तिने बदलली नाही, हा डाव्यांचा आक्षेप बरोबर आहे. पण काम मागण्याचा हक्क मिळाल्यावर मजुराला पडेल त्या मजुरीला नाही म्हणता येऊ लागले, ही सत्तेचीच फेरवाटणी होती.

सामाजिक लोकशाहीच्या उणिवा

मंडन प्रामाणिक ठरायचे तर या पक्षाचे दोषही मोजले पाहिजेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सुरक्षित झाला, पण डागडुजीचा पैसा कोठून येणार हे ठरले नाही. चाळी खचू लागल्यावर १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणावे लागले. संरक्षणाची किंमत कोण भरणार हे न सांगणारा कायदा जोखीम नुसती पुढच्या पिढीवर ढकलतो. माथाडी मंडळाची लेव्ही आणि रोजगार हमीचा व्यवसाय कर यांनी हे स्पष्ट सांगितले होते. फरक तिथेच पडला.

दुसरा दोष अधिक घातक ठरला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने सदस्यसंख्येच्या निकषावर एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला; गुप्त मतदान ठेवले नाही. गिरणी कामगारांची प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाला हा अधिकार राहिला. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचा बोनसचा संप दोन महिने चालूनही याच भिंतीवर आपटला. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगाराइतकाच हा कायदा रद्द करण्याचा प्रश्न होता. संघटना निवडण्याचा हक्क कामगाराला शेवटपर्यंत मिळाला नाही. सामाजिक लोकशाहीतून लोकशाही वजा केली की उरते ती सरकारमान्य मध्यस्थी; संकटात तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

निष्कर्ष

यावरून प्रत्येक पक्षाचे क्षेत्र आखता येते. रुईचा भाव ठरवण्याचे काम बाजार एकाधिकारापेक्षा बरे करतो, पण प्रत, वजन आणि तंटे यांवर सार्वजनिक नियम असतील तरच. जमिनीच्या बाबतीत लोकशाही समाजवादाचा दावा अधिक बळकट आहे, कारण तिची किंमत समाज घडवतो. कॉटन ग्रीन-शिवडीच्या बंदर जमिनी आजही सार्वजनिक आहेत, म्हणून त्यांचा पुनर्विकास गिरण्यांच्या वाटेने जाण्याआधी हा दावा मान्य होणे शक्य आहे. श्रमाच्या बाबतीत सामाजिक लोकशाहीची पद्धत सरस ठरते. सुरक्षेचा खर्च संपूर्ण व्यवसायाने उचलावा, तो कोण आणि कसा भरणार हे कायद्यातच लिहिलेले असावे आणि कामगारांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जावेत, या तिच्या तीन अटी आहेत. माथाडी मंडळाने पहिल्या दोन पाळल्या आणि ते उभे राहिले. गिरण्यांत तिसरी डावलली गेली आणि १९८२ चा संप वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही.