झाड छाटायला देताना मजुरी ठरवा, लाकूड नव्हे

पिंपळवंडीच्या नावातच पिंपळ आहे. गावात आणि आळेफाट्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर दारात निंब, परसात आंबा किंवा चिंच, बांधावर जांभूळ असे एखादे झाड बहुतेक घरी आढळते. या झाडाची आठवण आपल्याला वर्षातून एकदा होते. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासह येतो, वाळकी फांदी दुकानाच्या पत्र्यावर कोसळते आणि दुसऱ्या दिवशी आपण घाईघाईने फांद्या तोडणारा माणूस शोधू लागतो. घाईत केलेला सौदा कसा पडतो, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको.

आमच्या भागात हा सौदा बहुधा एकाच प्रकारे होतो. "पैसे काही देऊ नका शेठ, लाकूड तेवढे आमचे." ऐकायला किती सोयीचे! खिशातून रुपया जात नाही आणि अंगणही मोकळे होते. आम्हीही काही वर्षांपूर्वी परसातल्या चिंचेचा असाच सौदा केला. दोन वाळक्या फांद्या उतरवायच्या होत्या. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तो झाडाचा नुसता सांगाडा उभा. हिरव्या, मांडीएवढ्या जाड फांद्या टेम्पोत गेल्या होत्या आणि वाळकी फांदी मात्र तशीच होती, कारण ती पोकळ होती आणि तिला वखारीत भाव नव्हता.

त्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? ज्याला माल न्यायचा आहे त्यालाच आम्ही माल किती काढायचा हे ठरवायला बसवले होते. त्याची मजुरी लाकडात होती, म्हणून त्याने लाकूड काढले. पुढच्या दोन पावसाळ्यांत कापलेल्या खुंटांत पाणी मुरले, ते कुजले आणि त्यांच्या कडेने धुमाऱ्यांचा झुपका फुटला. असे धुमारे वरवर बसलेले असतात, मोठे झाले की वाऱ्याने सहज निखळतात. म्हणजे फुकटात केलेल्या छाटणीने धोका वाढला आणि चिंचेचे उत्पन्नही गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे की दिवसाची मजुरी रोख ठरवावी आणि लाकूड मालकाने ठेवावे. ते विकायचेच असेल तर वखारवाल्याशी किंवा भट्टीवाल्याशी वेगळा व्यवहार करावा. कोणत्या फांद्या काढायच्या त्यांना आदल्या दिवशी चुन्याची खूण करावी आणि काम चालू असताना घरचे कोणी तरी झाडाखाली नव्हे, पण समोर हजर असावे.

जाणता कारागीर ओळखायचा कसा? तो आधी झाडाभोवती फिरून पाहतो, कुऱ्हाड नंतर उचलतो. जड फांदी एका घावात पाडत नाही. खोडापासून फूटभर अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप घेतो, मग थोडे पुढे वरून कापतो. त्यामुळे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी काढतो. फांदी खोडाला मिळते तेथे फुगीर कडे असते, त्याला धक्का न लावता त्याच्या लगेच बाहेर काप घेतला की झाड ती जखम स्वतः भरून काढते. खुंट लांब ठेवला तर कुजतो, खोडाशी सपाट तासला तर जखम मोठी होते. आंब्यासारख्या फळझाडाच्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण आपल्या द्राक्षबागायतदारांना पाठ आहे. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग मिसळायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही.

आता मजुराविषयी. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण नेहमी सांगतो, पण चाळीस फुटांवर अनवाणी चढलेल्या माणसाच्या कमरेला दोर आहे की नाही, हे किती जण पाहतात? दोर, पट्टा आणि खाली उभा राहणारा दुसरा माणूस यांचे पैसे सौद्यात धरलेच पाहिजेत. जो सर्वांत कमी सांगतो तो बहुधा यांतच काटकसर करतो. विजेची तार फांदीजवळून जात असेल तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन पुरवठा बंद झाल्यावाचून कोणालाही झाडावर चढवू नये. ओली फांदी तारेला टेकली की हातातली कोरडी काठी कामाला येत नाही.

कायद्याचीही माहिती हवी. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, चंदन, खैर अशी १६ प्रकारची झाडे आहेत. स्वतःच्या जागेतले असले तरी त्यातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. मोठी छाटणी करण्याआधीही वन खात्याच्या किंवा तहसील कार्यालयात विचारून घेतलेले बरे. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये दुकान थाटलेल्या बांधवांना १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागू आहे.

दुकानदारांना एक गोष्ट थोडी कडू लागेल. रस्त्याकडेच्या निंबावर आणि वडावर जे खिळे ठोकलेले आहेत त्यांत आपल्या दुकानांच्या पाट्या कमी नाहीत. पुणे-नाशिक रस्ता रुंद होताना जुनी झाडे गेली तेव्हा आपण हळहळलो. उरलेल्यांच्या बुंध्यात खिळे मारायचे, सजावटीची तार आवळून तशीच सोडायची आणि मुळांवर ओटा बांधून सिमेंट ओतायचे, हे मात्र चालूच आहे. बुंध्याभोवती निदान तीन-चार फूट माती उघडी हवी. खोडातून भुसा पडताना दिसला तर भिरूड लागली समजावे, वाकड्या तारेने अळी काढून भोक बुजवावे. आंब्यावर बांडगूळ दिसले तर नुसते ओरबाडू नये, ते जडले आहे त्याच्या खालून फांदीच काढावी. बिबट्याच्या भीतीने काही जण घराजवळचे झाडच तोडायला निघतात. आडोसा देतो तो ऊस आणि झाडाखालचे गवत-झुडूप. ते साफ करावे, झाडाला हात लावू नये.

जुन्नरजवळच्या हापूसबागेत सौदागर घुमट आहे. गावाच्या नावात बाग आणि घुमटाच्या नावात व्यापारी! आपल्यातल्या बागवान मंडळींनी फळांचा व्यापार राखला, बागेचा हुनर मात्र बराचसा सुटला. मोहल्ल्यातले जे तरुण आळेफाट्यावर कामाच्या शोधात उभे असतात, त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी दोर, पट्टे, चांगल्या करवती घेऊन हे काम शिकले तर पिंपळवंडी, ओतूर, नारायणगाव या टापूत काम कमी पडणार नाही. छाटणी आणि कलमांचे मार्गदर्शन नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात मागता येते. भांडवल एका हातगाडीहून फार मोठे नाही. मालकांनी फक्त मार्च महिन्यातच त्यांना बोलवावे, वळीव येऊन पत्रा फुटेपर्यंत थांबू नये.