साडी नेसलेला पुरुष चालतो, मग नडते काय?

'साबर बोंडं' पाहून आल्यापासून मी भेटेल त्याला तो सिनेमा पाहा म्हणून सांगतोय. उत्तर बहुतेक एकच येतं. "भाऊ, चांगला असन, पण घरात लहान लेकरं असतात. असलं कसं पाहाचं सगळ्यांनी बसून?" परवा आर्वी नाक्यावर एका शिक्षक मित्रानंही हेच सांगितलं. माणूस भला आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे, म्हणून तिथं भांडलो नाही. इथं भांडतो. पोस्ट लांब होईल. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरकावं, राग नाही.

तर लहान लेकरं. ही लेकरं रोज रात्री जेवताना टीव्हीवर काय पाहतात? 'चला हवा येऊ द्या' 2014 मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं घराघरात चाललं. पाठोपाठ 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. भाऊ कदमांची शांताबाई, सागर कारंडेंची पुणेरी बाई यांच्यावर अख्खं घर हसलं. मीही हसलो. नट कसलेले आहेत, त्यात वाद नाही. पुरुषानं साडी नेसण्यातही काही वाईट नाही. बालगंधर्वांचं पाहून बायका साड्या नेसायच्या, हे आपणच कौतुकानं सांगतो. आपल्या विदर्भात खडी गंमत आहे, दंडार आहे. लुगडं नेसून नाचणाऱ्या गड्याला आपल्या आजोबांनी खिशातले पैसे काढून दिलेत. त्यानं कोणाची संस्कृती बुडाली नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या विनोदी कार्यक्रमांत आणि विनोदी सिनेमांत एक हमखास टाळीची जागा असते. एखादा पुरुष जरा नाजूक बोलतो, दुसऱ्याच्या दंडाला हात लावतो, तो दुसरा दचकून लांब पळतो, आणि मागून हशा. विनोद साडीचा नसतो, 'हा तसला आहे' एवढाच असतो. 2008 च्या हिंदी 'दोस्ताना'नं तर अख्खा सिनेमा याच एका दचकण्यावर उभा केला. लेकरं हे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आठवीतल्या एखाद्या हळू बोलणाऱ्या पोराला नाव ठेवतात. ते नाव त्याला दहावीपर्यंत पुरतं, कधी कधी लग्नापर्यंत. हे घरात चालतं. आणि दोन गडी शेताच्या बांधावर बसून बापाच्या मरणाबद्दल बोलतात, ते मात्र लेकरांसमोर चालत नाही. कोणता हिशेब आहे हा?

मी समलिंगी आहे. इथल्या बऱ्याच मित्रांना माहीत आहे. ज्यांना नव्हतं त्यांना आता कळलं. वय चाळिशीच्या पुढं, वीसेक वर्षं याच जिल्ह्यात बातमीदारी करतोय, तेव्हा 'हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे' हे वाक्य कृपया मला ऐकवू नका. मी बजाज चौकातच चहा पितो.

आता गंभीर कलाकृतींकडं येऊ. तिथं तरी आमचं बरं चाललंय असं नाही. तेंडुलकरांनी 1981 मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा उभी केली. त्या काळात हे करायला छाती लागत होती. पण मित्रा शेवटी जीव देते. मूळ गोष्ट तशी आहे, लेखकाला दोष देत नाही. माझी तक्रार पुढच्यांबद्दल आहे. मराठी नाटक-सिनेमानं तो शेवट जणू नियम म्हणूनच घेतला. 'आमच्यातलं' कोणी आलंच, तर ते मरायला, मार खायला, नाहीतर प्रेक्षकाला हळवं करायला. 'नटरंग' बघा. 2010 चा गाजलेला सिनेमा, अतुल कुलकर्णींनी त्या नाच्यासाठी शरीर घडवलं आणि मग उतरवलं. पण गुणावर जो अत्याचार होतो तो त्याच्या नाच्या असण्याची शिक्षा म्हणून होतो, आणि हा गडी आतून 'खरा मर्द' आहे हे सिनेमा आपल्याला पुन्हा पुन्हा पटवत राहतो. समजा तो तसा 'खरा मर्द' नसता, तर? मग त्या अत्याचाराचं आपल्याला काहीच वाटलं नसतं काय? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. रवी जाधवांनीच पुढं तेंडुलकरांच्या कथेवर 'मित्रा' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2015 मध्ये तो 'बायोस्कोप'मधून थेटरात आला. सुंदर आहे. पण पुन्हा तीच मित्रा, तोच जुना काळ. 'कोबाल्ट ब्लू' ही सचिन कुंडलकरांची मराठी कादंबरी 2006 ची, पुण्यातल्या घरातली. 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा घर कोचीला गेलं होतं आणि भाषा हिंदी-इंग्रजी झाली होती. दिसायला देखणी, पण मूळ कादंबरीतल्या त्या घराची घुसमट निम्मी वाहून गेली.

आणि ज्या गोष्टीवर मराठीत सिनेमा व्हायलाच पाहिजे होता, ती आपल्या हातून पूर्ण निसटली. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरचा माणूस. मराठीचे प्राध्यापक, मराठी कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वीस वर्षांहून जास्त काळ मराठी शिकवलं. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली, एका रिक्षावाल्यासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठानं घुसणाऱ्यांना जाब विचारण्याऐवजी सिरसांनाच निलंबित केलं. निवृत्ती काही महिन्यांवर होती. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

त्यांच्यावर 2016 मध्ये हंसल मेहतांनी 'अलीगढ' काढला. मनोज वाजपेयींनी जे केलंय त्याला तोड नाही. रात्री एकटा बसून लताबाईंचं गाणं ऐकणारा, संकोची म्हातारा. मी तो सिनेमा तीनदा पाहिला आणि दर वेळी एकच चीड आली. हा माणूस आपला होता! त्याची कविता मराठी होती. आपण साहित्य संमेलनं भरवतो, 2023 चं तर इथं वर्ध्यातच भरलं, शिवाय त्याच दिवसांत विद्रोहीही झालं. मराठी भाषेच्या अभिमानाची भाषणं आपल्याला तोंडपाठ आहेत. उत्तरेतल्या पोरांना आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या विदर्भातल्या या कवीची गोष्ट सांगायला मात्र हिंदी सिनेमा लागला. आजही जिल्ह्यातल्या मराठी विषयाच्या किती प्राध्यापकांना सिरस हे नाव माहीत आहे? विचारून पाहा. मी विचारलंय.

'साबर बोंडं'चं मला एवढं अप्रूप वाटतं ते यामुळं. रोहन परशुराम कानवडे हा मुंबईत एका खोलीच्या घरात वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. वडील गेल्यावर गावाकडं सुतकाचे दिवस काढताना त्याला ही गोष्ट सुचली. जानेवारी 2025 मध्ये सिनेमा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गेला, तिथं जाणारा पहिला मराठी सिनेमा, आणि जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. 19 सप्टेंबर 2025 ला आपल्याकडं थेटरात लागला. आमच्या भागात मला तरी त्याचं पोस्टर दिसलं नाही. मी रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो होतो, कामासाठी, तेव्हा पाहिला.

बोंड म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो आणि लगेच बोंडअळी. हे बोंड निवडुंगाचं आहे. वरून काटे, आतून लालभडक आणि गोड. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद बापाच्या दिवसांसाठी गावी येतो. दहा दिवस सुतकाचे नियम, पाहुण्यांची ये-जा, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक एकच विषय काढतो : 'लग्नाचं काय?' गावात लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, शेतकरी. त्याच्याही मागं लग्नाचा लकडा आहे. सिनेमात पार्श्वसंगीत नाही. शेळ्यांचा, वाऱ्याचा, भांड्यांचा आवाज. कोणी भाषण करत नाही, कोणी कोणाला पंख्याला लटकून दाखवत नाही. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती पोराला नातेवाइकांपासून सांभाळून घेते. जयश्री जगताप यांनी ती आई अशी केलीय की वाटावं, ही आपल्याच गल्लीतली काकू. ती इंग्रजी पुस्तकं वाचून शहाणी झालेली नाही. तिला तिचा लेक माहीत आहे, एवढंच.

थोडा संथ आहे, कबूल. माझ्या शेजारच्या खुर्चीतला गडी मध्यंतराच्या आधी झोपला होता. पण मला त्यात पहिल्यांदा असा समलिंगी माणूस दिसला ज्याला गाव आहे, भावकी आहे, बापाचं दुःख आहे, आणि प्रेम हा या सगळ्यातला एक भाग आहे. हे लेकरांनी पाहू नये? लेकरांनी नेमकं हेच पाहावं.

काही जण म्हणतील, आपला प्रेक्षक तयार नाही. प्रेक्षक तयार कोण करतो? मल्याळममध्ये 2023 ला 'काथल' आला. मम्मूटी, बहात्तर वर्षांचा, लाखो चाहत्यांचा हिरो. निर्मितीही त्याचीच. भूमिका काय, तर छोट्या गावातला, चर्चला जाणारा संसारी माणूस, जो स्थानिक पोटनिवडणुकीला उभा राहतो आणि त्याच वेळी त्याची बायको, 'नवरा समलिंगी आहे, इतकी वर्षं दोघंही कोंडून जगलोय' म्हणून घटस्फोट मागते. वॉर्डाची निवडणूक, कार्यकर्ते, कुजबुज. देवळी किंवा सेलूत घडावी तशी गोष्ट. तो सिनेमा बायकोचा तेवढाच आहे, आणि मला तो म्हणूनच मोठा वाटतो. 'लग्न लावून द्या, आपोआप सुधरते' या आपल्या लाडक्या तोडग्यात एका पोरीचं आयुष्य जातं, हे आपल्या मालिकांत कोणी बोललंय? रोज संध्याकाळी सातपासून पाच-पाच लग्नं लागतात, मोडतात, परत लागतात. सासू विष घालते, मेलेली माणसं चेहरा बदलून परत येतात. हे सगळं प्रेक्षकाला पचतं! एका घरातला धाकटा दीर लग्नाला नाही म्हणतोय आणि का म्हणतोय, एवढंच पचत नाही? मराठीतला आजचा कोणता मोठा नट मम्मूटीचं धाडस करेल, नाव सांगा. मला सुचत नाही.

कायदा कधीचा पुढं गेलाय. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला नाकारला. म्हणजे सोबत राहा, पण नातं सिद्ध करायचा कागद नाही. भाड्यानं खोली घेताना काय सांगायचं, एक जण आजारी पडला तर सही कोणाची, म्हातारपणी कोण कोणाचं? मालिका लिहिणाऱ्यांना दोन हजार भाग पुरेल एवढा माल आहे हा. घ्या की.

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार स्वतःचं झाकून ठेवतो. सिरसांच्या घरात घुसलेल्यांनी आपण टीव्हीवाले असल्याचंच सांगितलं होतं. आणि 'अलीगढ'मध्ये त्यांचं नीट ऐकून घेणाराही एक तरुण बातमीदारच आहे. दोन्ही आमचेच. काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या अ‍ॅपवरून बोलावून लुटलेल्या एका माणसाची बातमी मी पाठवली. मी लिहिलं होतं, लूट झाली. छापून आलं 'विकृत संबंधातून'. एका दैनिकाच्या डेस्कवर बसलेल्या कोणाला तो शब्द जास्त चविष्ट वाटला. त्या माणसानं मला एकदाच फोन केला, "भाऊ, तुम्ही तरी." लिहिणारा मी नव्हतो हे त्याला सांगून काय उपयोग होता? तक्रार त्यानं मागं घेतली, लुटणारे मोकळे सुटले. डेस्कवरच्या त्या माणसानं हा शब्द कुठून आणला? पडद्यावरून, चुटक्यांमधून, सगळ्यांनी मिळून हसण्यातून. म्हणून मला सिनेमा-मालिकांचं एवढं पडलंय. मनोरंजन आहे, सोडून दे, असं मला म्हणू नका.

आता कामाचं. वर्ध्यात, सेवाग्रामला किंवा हिंगणघाटला 'साबर बोंडं' रीतसर परवानगी काढून दाखवायचा माझा विचार आहे. कोणाच्या ओळखीत हॉल असेल, कॉलेजचा, वाचनालयाचा, मंगल कार्यालयाचा, तर मला मेसेज टाका. नाव जाहीर करणार नाही. प्रोजेक्टर मिळतोय, चहाचा खर्च माझा. आर्वी नाक्यावरच्या गुरुजींनी घरच्या सगळ्यांना घेऊन यावं, लेकरांसकट, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या राखून ठेवतो.