बस थांब्यावरचा बाक: बसणाऱ्यासाठी की बघणाऱ्यासाठी?



इंदूरचा बीआरटीएस २०१३ साली सुरू झाला आणि २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीनंतर तो काढायला घेतला. रस्त्याच्या मधोमध असलेले छपराचे थांबे गेले की बस पुन्हा कडेला थांबणार, आणि माणसंही कडेलाच उभी राहणार. मग तिथे बाक हवेत, आणि त्यांचे पैसे कोण देणार? यावर एक उत्तर तयारच असतं: जाहिरातवाल्याला द्या, तो फुकटात बसवून देईल.

माझं मत सरळ सांगतो. जाहिरात असू द्या. पण बाक कुठे आणि कसा असावा, हे जाहिरातवाल्याने ठरवायचं नाही.

ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९६४ साली जाँ-क्लोद देको यांनी हाच व्यवहार सुरू केला: थांबा आम्ही बांधू, सांभाळू, खर्च जाहिरातीतून काढू. ब्राझीलच्या साओ पावलोने २००७ पासून शहरातले होर्डिंग उतरवले, पण पुढे त्याच शहराने थांबे बांधून घेण्यासाठी थांब्यांवर जाहिरातीला परवानगी दिली. आपल्या इंदूरची सिटी बससुद्धा सुरुवातीपासून जाहिरातीच्या उत्पन्नाचा आधार घेतच चालली. तेव्हा ‘जाहिरात म्हणजे विटाळ’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

आणि बाकावर नाव असणं आपल्याला नवं आहे का हो? देवळाच्या आवारात, बागेत, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेल्या बाकांवर बसूनच आपण मोठे झालो. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंचं हे गाव. आपल्या मोठ्या बस स्टँडलाही तात्या सरवट्यांचं नाव आहे, ते त्यांनी केलेल्या कामामुळे.

फरक इथेच आहे. दान देणारा बसणाऱ्याचा विचार करतो, जाहिरात देणारा बघणाऱ्याचा. बाकाच्या पाठीवरची जाहिरात कधी दिसते? बाक रिकामा असेल तेव्हा! तीन माणसं टेकून बसली की ती झाकली गेली. म्हणजे लोकांनी आरामात बसावं यात जाहिरातवाल्याचा फायदा काहीच नाही. आमच्या जवळच्या एका थांब्यावर जाहिरातीची पाटी छान उजळलेली असते, आणि बसायला काय, तर दोन उतरते पाइप. त्यावर नीट बसताही येत नाही, नुसतं टेकायचं. शिवाय पाटी अशी आडवी, की येणारी बस दिसायला रस्त्यावर उतरावं लागतं.

दुसरी गोष्ट जागेची. जाहिरातवाल्याला हवा चौक, जिथे सिग्नलला गाड्या थांबतात. म्हाताऱ्या माणसाला बाक हवा दवाखान्यासमोर, कॉलनीच्या तोंडाशी, जिथे गाड्यांची गर्दी नाही आणि बस मात्र उशिरा येते. सगळं त्याच्या मर्जीवर सोडलं तर चौकात दोन-दोन बाक लागतील आणि आतल्या थांब्यांवर एकही नाही.

आपल्या लोकांसाठी ही गोष्ट लहान नाही. रामचंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही बघा. मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, आणि इथे घरात दोघंच. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर. रिक्षाला रोज पैसे घालवायचे नसतात. वीस मिनिटं उभं राहणं गुडघ्यांना जमत नाही, म्हणून आधी भजन सुटतं, मग नाटक, मग बहिणीकडे जाणं. कुणी तक्रार करत नाही, माणूस फक्त घरात बसू लागतो.

म्हणून पार्षद मतं मागायला येतील तेव्हा हे विचारा. चौकातला एक बाक दिला, तर आतल्या थांब्यावरचा एक बाक त्याच कंत्राटात बांधून घ्या. बाकाला पाठ हवी, उठताना धरायला हात हवेत, वर सावली हवी, शेजारी व्हीलचेअरला मोकळी जागा हवी. थांब्याचं नाव आणि बसचे नंबर जाहिरातीपेक्षा मोठे हवेत. बाक मोडला तर ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती, नाहीतर जाहिरात उतरवायची.

कुणी म्हणेल, आपण कर भरतो, मग महापालिकेनेच बाक द्यावेत. बरोबर आहे, द्यावेतच. जिथे जाहिरातवाला अशा अटींवर येणार नाही, तिथे तर द्यायलाच हवेत. पण तोवर आजींना उन्हात उभं ठेवायचं का? अटी घालून बाक मिळत असेल तर घ्यावा. अटी न घालता ‘फुकट’ मिळालेल्या बाकाची किंमत मात्र उभं राहणाराच मोजतो.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्याकडे थांब्यांवर बसायला मिळतं का? जरूर लिहा.