आधी गंज दाखवा!

‘सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली, फक्त सिरियस बायर्सनी कॉल करा.’ सेकंडहँड बाइक शोधायला बसलात की ही ओळ दहा मिनिटांत दहा वेळा दिसते. सोबत चार फोटो, तेही गाडी धुऊन-पुसून काढलेले. चेन, सायलेन्सर, टायर यातलं काहीच धड दिसत नाही.

आता अमेरिकेत जुन्या, संग्राह्य गाड्या कशा विकल्या जातात ते बघा. तिथे ‘ब्रिंग अ ट्रेलर’ ही साइट प्रसिद्ध आहे. नावातच इशारा आहे, गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येईलच असं नाही, ट्रेलर घेऊन या! २००७ मध्ये सुरू झालेली ही साइट आधी इतरांच्या भन्नाट जाहिराती शोधून दाखवायची. २०१४ पासून ती स्वतःच ऑनलाइन लिलाव करते आणि २०२० मध्ये ‘हर्स्ट’ या बड्या माध्यमसमूहाने ती विकत घेतली.

इथे चार फोटोंवर भागत नाही. एकेका गाडीचे शंभराहून जास्त फोटो असतात. गाडी उचलून खालून काढलेले, गंजाचे, फाटलेल्या सीटचेसुद्धा. थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, सर्व्हिसची जुनी बिलं, चॅसी आणि इंजिन नंबर हेही असतं. त्याखाली जगभरचे गाडीवेडे सगळ्यांदेखत प्रश्न विचारतात. ‘डाव्या दाराचा रंग वेगळा का दिसतोय?’ विक्रेता गप्प बसला, तर ते गप्प बसणंही सगळ्यांना दिसतं.

शेवटच्या क्षणी बोली मारून पळणाऱ्यांचीही सोय नाही. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येतं.

माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट इथेच आहे. दोष दाखवला की भाव पडतो, असं आपण धरून चालतो. पण न पाहिलेल्या, हजारो मैल दूरच्या गाडीवर लाखो रुपये लावणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती असते ती लपवलेल्या गोष्टीची. गंज दिसला की त्याचा खर्च काढता येतो. गंज लपवलाय अशी शंका आली की माणूस बोलीच लावत नाही.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं तुम्ही म्हणाल. आहेतच. तिथेही फसगत होते. फोटोतून गिअरबॉक्सचा आवाज येत नाही. बोलीच्या कैफात माणूस ठरवलेल्या रकमेच्या पुढे वाहवत जातो, वर खरेदीदाराची फी भरावी लागते ती वेगळीच. पण सगळ्यांसमोर प्रश्न विचारायची त्यांची सवय फुकट आहे. ती उचलायला काय हरकत आहे?

कारण आपल्यापैकी अनेकांची पहिली बाइक सेकंडहँडच असते आणि तिचे पैसे बहुतेक वेळा आई-बाबांचे असतात. त्यामुळे लाजू नका. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवा म्हणा. आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. गाडीवर कर्ज होतं का? असेल तर बँकेची एनओसी मागा. ई-चलन थकलंय का, ते ऑनलाइन तपासता येतं. ‘एवढ्याशा बाइकला किती चौकशा!’ असं कुणी हसत म्हणालं, तर खुशाल दुसरी गाडी बघा.

आणि उद्या तुम्ही स्वतः गाडी, लॅपटॉप किंवा फोन विकायला काढाल, तेव्हा पहिला फोटो त्या ओरखड्याचा टाका. दोन-चार फोन कमी येतील. पण येतील ते खरंच घेणाऱ्यांचे असतील.