पान १४३

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात पान १४३ वर एक खोटं वाक्य आहे. 'भावाच्या मारेकऱ्याला आपण माफ केल्याचे तिने सांगितले.'

२००९ मध्ये मी रवांडात टेकडीवरच्या एका गावात 'गाचाचा' न्यायालयाचं कामकाज बघायला जात होते. गाचाचा हा शब्द गवतावरून आला. पूर्वी गावातले जाणते गवतावर बसून तंटे मिटवायचे. १९९४ च्या नरसंहारात शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. त्यानंतर तुरुंगांत लाखाहून जास्त आरोपी कोंबलेले, आणि न्यायाधीश नावाला उरलेले. तेव्हा सरकारनं ही जुनी रीत कायद्यात बसवली. पंच गावानं निवडलेले आणि बिनपगारी, वकील नाहीत, कबुली देणाऱ्याला शिक्षेत सूट. २०१२ मध्ये ही न्यायालयं बंद झाली तोवर १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकालात निघाली होती. सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र त्या गवतावर कधी आल्याच नाहीत.

आमच्या गावी हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे आपली तंटामुक्ती समितीच की, बाई." बांधाच्या भांडणाशी याची तुलना ऐकून मी आधी चिडायचे. आता चिडत नाही. निदान ते काहीतरी विचारतात. विद्यापीठांत 'आफ्रिकेतला टोळीसंघर्ष' एवढं म्हणून पुढचं पान उलटतात. हुतू, तुत्सी आणि त्वा तिघंही किन्यारवांडा हीच भाषा बोलतात आणि १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीनं ओळखपत्रावर जात छापल्यासारखी ही ओळख छापली, हे किती वर्गांत सांगितलं जातं?

पण मी तरी कुठे किन्यारवांडा शिकले होते? घासूनपुसून फ्रेंच शिकून गेले, तर आदल्याच वर्षी सरकारनं शाळांचं माध्यम इंग्रजी करायचं ठरवलेलं. पान १४३ वरची ती बाई अंगणात दहा मिनिटं बोलली. दुभाष्यानं एका दमात सांगितलं, "ती म्हणते, माफ केलं." मी लिहून घेतलं.

पुढे पुण्यात शिकणाऱ्या एका रवांडी मुलीला मी त्या बाईच्या बोलण्याची टेप ऐकवली. तिनं दोनदा ऐकली. म्हणाली, "मॅडम, माफ केलं असं ती म्हणतच नाहीये. ती म्हणते, पंचांनी विचारलं म्हणून मी हो म्हटलं. भावाला कुठे पुरलंय तेवढं याच्याकडून काढून द्या."

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आफ्रिकेतल्या शांतता आणि संघर्षावर पीएचडी करायची असेल, तर तिथली एक भाषा आल्याशिवाय नोंदणीच देऊ नये. स्वाहिली घ्या, अम्हारिक घ्या, किन्यारवांडा घ्या. दोन वर्षं जातील, जाऊ द्यात. मार्गदर्शक कुरकुरतील, कारण त्यांनाही ती येत नाही. भाषेसाठी आणि मुक्कामासाठी पैसा लागेल. काँगोत आपण १९६० पासून शांतिसैनिक पाठवत आलो, त्यांच्या विमानात दोन विद्यार्थ्यांना जागा नसती का मिळाली? नोकरीचं विचाराल, तर मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. भाषा आली असती तर निदान दुभाष्या म्हणून पोट भरलं असतं.

प्रबंध ग्रंथालयात आहे. पान १४३ वर मी पेन्सिलीनं दुरुस्ती करायला गेले, तर ग्रंथपाल म्हणाले, "बाई, पुस्तकात लिहायचं नसतं."