ईदच्या आधीचे दिवस

ईद मुबारकचे मेसेज सगळेच पाठवतात. ईद येईपर्यंतच्या महिन्यात घरातल्या माणसांचं काय होतं, यावर मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. रमजान सबराचा महिना आहे, त्यात दमलो म्हणणं बरं दिसत नाही, अशी एक समजूत असते. मला ती पटत नाही.

2025 सालचा मार्च आठवून बघा. 2 तारखेला पहिला रोजा. दहावीची परीक्षा 17 तारखेपर्यंत चालली, म्हणजे बरेचसे पेपर रोज्यातले. 14 तारखेला धुळवड आणि नेमका जुम्मा. 30 ला गुढीपाडवा, 31 ला ईद; त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे बँका-ऑफिसांत कामाचा ढीग. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी पुढे येतं, त्यामुळे बोर्डाची परीक्षा आणि रोजे यांची गाठ आणखी दोन-तीन वर्षं तरी सुटणार नाही.

आता झोपेचा हिशोब मांडा. तरावीह आटोपून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा वाजतात, सहरीला साडेचारला उठायचं. दहावीतल्या पोराला आठ ते दहा तास झोप लागते. मिळते साडेपाच, तीही रात्री फोन हातात नसेल तर. मग दुपारी पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नाही आणि पोराला वाटतं आपणच मठ्ठ. तो मठ्ठ नाही, त्याची झोप झालेली नाही. दुपारची अर्ध्या-पाऊण तासाची डुलकी आळस नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा मोठ्यानं सांगून टाकावं. चहाचंही तसंच. दिवसाला चार कप पिणाऱ्याचं डोकं पहिले काही रोजे ठणकतं, ते बरंचसं चहा तुटल्यामुळे. रमजानच्या आठवडाभर आधीपासून कप कमी करत आणले तर हा त्रास पुष्कळ हलका होतो.

सगळ्यात कमी झोप कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही. सहरीला सगळ्यांच्या आधी उठते ती अम्मी, आणि इफ्तारची भांडी घासून सगळ्यांच्या शेवटी झोपते तीही तीच. तिचाही रोजा असतोच. नोकरी करणारी बहीण असेल तर लोकलमधून उतरून थेट भज्यांच्या कढईपाशी. दस्तरखानावर सात पदार्थ हवेत असा हुकूम कुठल्या किताबात नाही. खजूर, फळं, एक पोटभर पदार्थ. भांडी मुलांनी घासायची. हे ज्या घरात ठरतं, तिथली ईदची सकाळ वेगळी असते.

आणि एक ताण असा, जो आरोग्याच्या सल्ल्यांत कुठे सापडत नाही. मी मोरव्याला राहतो. इथे आगरी-कोळी वस्ती, जवळच मिठागरं, पुढे उत्तनची चर्चेस. सण शेजारीपाजारीच होतात. भाईंदरहून एक स्टेशन मागे मीरा रोड. तिथे जून 2023 मध्ये बकरी ईदच्या तोंडावर एका सोसायटीत आणलेल्या दोन बोकडांवरून पोलीस बोलवावे लागले. 21 जानेवारी 2024 च्या रात्री नया नगरमध्ये हाणामारी झाली, आणि दोनच दिवसांत तिथे बुलडोझर फिरले. तेव्हापासून या भागातल्या कितीतरी घरांत सण जवळ आला की पहिलं वाक्य असतं, 'जपून राहा'. तरुण पोरं हे वाक्य अंगावर घेऊन वावरतात: आवाज हळू, टोपी खिशात, ग्रुपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचा, कारण काय सांगावं, तो आपल्याच गल्लीतला निघायचा. ही भीती मनाची कमजोरी नव्हे. तिला कारण आहे. पण रात्री दोनला कुठल्या तरी लांबच्या शहरातला व्हिडिओ पाहून तुमच्या गल्लीचं रक्षण होत नाही, तुमची झोप तेवढी जाते. इशानंतर ग्रुप म्यूट करावेत. बातमी खरी असेल तर ती सकाळीही कळते.

या भागात वेगळंही घडतं, तेही सांगायला हवं. सप्टेंबर 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 तारखेला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. शेजाऱ्यांचा सण बिनधोक पार पडला, आपलाही. असे निर्णय आधी बसून, बोलून होतात, आणि त्या बैठकांत तरुण दिसत नाहीत ही माझी जुनी तक्रार आहे. जो ठरवण्यात सामील असतो, त्याला धाकधूक कमी वाटते.

शेवटी औषधांविषयी, कारण इथे चूक महागात पडते. डिप्रेशन, फिट्स, मधुमेह यांच्या गोळ्या रोज्यासाठी स्वतःच्या मनानं बंद करू नका, वेळाही बदलू नका. लिथियम घेणाऱ्यांनी तर अंगातलं पाणी कमी झालं तर धोका असतो हे लक्षात ठेवून आधीच डॉक्टरांना भेटावं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुराणात आहे. ती घेणाऱ्याला मोहल्ल्यात कुणी टोमणा मारत असेल तर त्याला गप्प करणं हे तुमचं काम. आणि मन फारच जड झालं, जगावंसं वाटेनासं झालं, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, आणि अम्मीच्या फोनमध्येही.