पायरीखालचा नमाजी

रमजानमध्ये सहरी कधी संपवायची हे आज मोबाइल सांगतो, मशिदीचा भोंगा सांगतो, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक सांगतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत ते दोन अजानांवरून कळत असे. पहिली अजान हजरत बिलाल देत. तेव्हा रात्र उरलेली असे, लोक उठून खात-पीत. दुसरी अजान झाली की घास खाली ठेवायचा. ही दुसरी अजान देणारे हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम अंध होते. पहाट फुटलेली त्यांना दिसत नसे. आजूबाजूचे लोक 'पहाट झाली' म्हणून सांगत, मग ते अजान देत. अख्ख्या गावाचा रोजा त्यांच्या आवाजावर सुरू होई.

कुरआनचा ८० वा अध्याय याच माणसाच्या निमित्ताने अवतरला. प्रेषित मक्केच्या बड्या सरदारांशी बोलत असताना हे मध्येच काही विचारायला आले, तेव्हा प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीबद्दल थेट अल्लाहकडून त्यांना टोकण्यात आलं. पुढे प्रेषित मदिनेबाहेर जात तेव्हा मागे आपल्या जागी त्यांनी इब्न उम्मे मक्तूम यांना एकापेक्षा जास्त वेळा नेमल्याचं इतिहासकार सांगतात.

मला या हकिगतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना पद दिलं गेलं, आणि पद सांभाळताना जिथे नजर कमी पडत होती तिथे इतरांनी ती पुरवली. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हेच 'वाजवी सोय' या नावाने आलं आहे. माणसाला काम करता यावं म्हणून लागेल तो बदल भोवतालच्यांनी करायचा. आम्ही मुसलमान ही हकिगत दर रमजानला ऐकतो आणि मशिदीतून बाहेर पडताना विसरतो.

माझा आतेभाऊ लहानपणी पोलिओने दोन्ही पायांनी अधू झाला. एसटी स्टँडजवळ त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. तो हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर फिरतो. आमच्या मशिदीला सात पायऱ्या आहेत. तो पायऱ्यांखाली, चपलांच्या रॅकशेजारी सायकल लावून तिथेच बसल्या बसल्या जमातीबरोबर नमाज पढतो. गेल्या रमजानच्या एका जुम्म्याला मी बाहेर आलो तर त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "भाईजान, मैं सजदे के लिए झुका था, किसी ने गोद में दस का नोट रख दिया."

नोट ठेवणारा काही वाईट माणूस नसावा. रमजानमध्ये पुण्य अनेक पटींनी मिळतं, म्हणून घाईघाईत कुणीतरी द्यायला शोधत असेल. पायरीखाली अपंग माणूस दिसला म्हणजे तो मागायलाच बसला आहे, एवढंच त्याच्या मनात आलं. पण त्याच सात पायऱ्या मी चाळीस वर्षं चढतोय आणि पाच वर्षांपासून मशीद कमिटीचा सभासद आहे. तो खाली का बसतो हा प्रश्न मी एकदाही बैठकीत काढला नव्हता.

उर्दूत अपंगाला माजूर म्हणतात. हा शब्द 'उज्र' वरून आला, म्हणजे ज्याच्यापाशी रास्त सबब आहे असा. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढा, बसता येत नसेल तर पडून. रोजा कायमचाच झेपत नसेल तर त्याच्या बदल्यात फिदया, म्हणजे गरिबाला जेवण. ही सवलत घेताना कुणी दाखला मागत नाही, माणसाचा शब्द पुरतो. आम्ही मात्र अर्थ फिरवला. सूट माजूर माणसाला होती, ती आम्ही स्वतःकडे घेतली. तो येऊ शकत नाही ना, मग त्याच्यासाठी काही करायची आम्हाला गरज नाही!

सरकारदरबारी शब्द पुरत नाही, हे समजण्यासारखं आहे. बोगस दाखल्यांवर नोकऱ्या घेणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. पण माझ्या आतेभावाचे पाय आजवर तीनदा तपासले गेले. आधी हाताने लिहिलेला दाखला होता. मग तो चालत नाही म्हणून संगणकावरचा काढला. पुढे तोही चालेना, यूडीआयडी कार्ड हवं. दर वेळी जिल्ह्याच्या गावी जायचं, ठरलेल्या वारी जायचं, डॉक्टर रजेवर असले की परत पुढच्या आठवड्यात. सोबत एक माणूस लागतो, त्याचाही रोज बुडतो. पोलिओने गेलेला पाय काही परत येत नाही, हे पहिल्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. आधीच्या नियमांत दाखला महिन्याभरात द्यायचा होता. २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि तीन महिन्यांची मुदत केली. वेळ पाळली जात नव्हती, म्हणून वेळच वाढवली असं आम्ही समजायचं का?

कार्ड आल्यावर पेन्शनचा विषय निघाला. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये झाले, पूर्वी १५०० होते. वाढ झाली हे चांगलंच. पण दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा होत नाहीत. टपरीवर बसून दिवसाला दोनशे रुपये मिळवणारा माणूस या अटीबाहेर जातो. म्हणजे त्याने टपरी बंद करून मशिदीच्या पायरीखाली खरोखरच हात पसरला तर तो योजनेत बसेल. काम करणाऱ्या अपंगाला खर्च कमी असतो असं ही अट लिहिणाऱ्यांना वाटलं असावं. त्याची सायकल, तिचे टायर, आजारपण, जिल्ह्याच्या फेऱ्या, हे सगळं तो टपरीतूनच भागवतो.

आता आपल्या गावाचं बघू. प्रत्येक नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्य शासनाचा आदेश आहे. हे पैसे कुणाच्या मेहेरबानीचे नाहीत. आपण घरपट्टी, पाणीपट्टी भरतो त्यातले आहेत. प्रत्यक्षात वर्षअखेर आली की यादी काढतात, थोडी थोडी रक्कम खात्यावर टाकतात किंवा सायकली वाटतात, फोटो निघतो. फोटोत देणारे पाच आणि घेणारा एक असतो. ज्या कार्यालयासमोर फोटो निघतो त्याच्या दाराला रॅम्प आहे, नाही असं नाही. तो इतका उभा आहे की सायकल मागे घसरते, आणि पायथ्याशी मोटारसायकली लावलेल्या असतात. अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती, ती जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. दारातल्या मोटारसायकली तेवढ्याने हलल्या नाहीत.

दुसऱ्यांना नावं ठेवताना माझ्या कॉलेजचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा कुबड्यांवर येत असे. आडनाव हजेरीत वाचायचो तेवढीच ओळख. दुसऱ्या सत्रात वेळापत्रक बदललं आणि माझा तास पहिल्या मजल्यावर गेला. तो मुलगा आधी उशिरा येऊ लागला, मग यायचा बंद झाला. मी ऑफिसला एक ओळ लिहून खालची खोली मागितली असती तर बहुधा मिळाली असती. बघू, म्हणून राहिलं. परीक्षेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हे मी स्टाफरूममध्ये अनेकदा सांगितलं आहे.

कुरआनने जकातीबद्दल बोलताना शब्द वापरला आहे हक. संपन्न माणसाच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक असतो. मराठीत आपण हाच शब्द 'हक्क' म्हणून रोज वापरतो. ज्याचा हक्क आहे त्याला तो देताना उपकाराचा चेहरा करायचा नसतो, घेणाऱ्याने मान खाली घालायची नसते. आणि चेहरा ओळखून, गोदीत नोट टाकून तो फिटतही नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या पुलिक्कल इथे कर्णबधिरांसाठी जुम्म्याचा खुतबा खुणांच्या भाषेत सांगणारी मशीद आहे. तिथल्या लोकांनी जमातीत कोण कोण येत नाही ते मोजलं असणार. आपल्याकडे मशीद असो, देऊळ असो, लग्नाचा हॉल असो, आलेल्यांचीच मोजदाद होते.

यंदा रमजानच्या आधी मी कमिटीच्या बैठकीत रॅम्पचा विषय काढला. आपल्या आतेभावासाठी करतोय, असं एक जण म्हणाले. दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांचे गुडघे गेली दोन वर्षं दुखतात, ते हळूच म्हणाले की मला पण लागेल. तिसऱ्यांनी चपलांचा रॅक आणि पाण्याचा कूलर कुठे हलवायचा हे विचारलं, आणि पाऊण तास त्यावरच गेला. मिस्त्रीने माप घेतलं आहे. सात पायऱ्यांची उंची साडेतीन फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे बेचाळीस फूट, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. समोर एवढी जागा नाही, म्हणून तो बाजूच्या भिंतीलगत वळवून वुजूखान्याच्या दारापर्यंत न्यायचा ठरतोय. तरावीहला गर्दी असते, तेव्हा काम ईदनंतर. यंदाची ईदची नमाज आतेभाऊ खालीच पढणार, पण चपलांचा रॅक तिथून हलवला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चटया टाकून आम्ही काही जण त्याच्याच सफमध्ये उभे राहणार आहोत.

नगरपरिषदेने गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती ठेवला, किती खर्च केला आणि कशावर केला, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी परवा दिला. अर्जावर माझ्याबरोबर स्टाफरूममधल्या दोन सहकाऱ्यांच्या आणि आतेभावाच्या टपरीशेजारच्या पानवाल्या काकांच्या सह्या आहेत. त्यांच्या नातीला ऐकू येत नाही. उत्तराची तीस दिवसांची मुदत ईदनंतर संपते.